फाईलवरचा लाल स्टिकर

आमच्या ह्यांच्या फाईलवर पहिल्याच दिवशी एक लाल स्टिकर लागला होता. ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू आहे. रक्त काढायला येणारी सिस्टर तो बघायची आणि हातमोज्यांवर आणखी एक जोड चढवायची. ह्यांना वापरलेल्या सुया वेगळ्या डब्यात जायच्या. प्रोसिजरसाठी आत न्यायचं असेल तेव्हा ह्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. म्हणजे तो स्टिकर तिथल्या प्रत्येकानं वाचला होता. पण त्यावर लिहिलेल्या आजाराची गोळी पुढचे दोन महिने कुणीही लिहून दिली नाही. त्या दोन महिन्यांत काय झालं आणि पुढं त्यातून कसं निघालो, ते सांगते.

आम्ही मंगळवार पेठेत राहतो. ह्यांचं शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न मेकिंगचं छोटं वर्कशॉप आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवावा लागतो, त्यासाठी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो पॅटर्न. हे गडहिंग्लज तालुक्यातल्या गावातून अठराव्या वर्षी कोल्हापुरात आले आणि तेव्हापासून हेच काम करतात. मी घरी ब्लाउज शिवते. एक मुलगा आहे, तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

२०२२ च्या पावसाळ्यात ह्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला. उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणायचे. लाकडाचे ओंडके उचलल्यानं असेल म्हणून आधी शेक दिला, मलम लावलं. ऑगस्टच्या शेवटी राजारामपुरीत सोनोग्राफी केली. करणारे डॉक्टर बोलता बोलता गप्प झाले आणि तेच तेच ठिकाण पुन्हा पुन्हा बघायला लागले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. यकृताच्या उजव्या भागात ४.८ सेंटिमीटरची गाठ होती.

पुढं तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन झाला. तो का करतात ते मला नंतर कळलं. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं, एक धमनी आणि दुसरी आतड्यांकडून येणारी मोठी शीर. निरोगी यकृताचं बरंचसं रक्त त्या शिरेतून येतं, कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. म्हणून शिरेत औषध सोडल्यावर पहिल्या टप्प्यात गाठ चमकते आणि नंतरच्या टप्प्यात बाकीच्या यकृतापेक्षा फिकी पडते. ह्यांच्या गाठीत नेमकं तसंच दिसलं. यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढतं ते अल्फा फीटोप्रोटीन ३८६ आलं. सुई घालून तुकडा काढायची गरजच नाही, हा यकृताचाच कॅन्सर आहे, असं सांगितलं. हे आयुष्यात कधी दारूला शिवले नव्हते. मी ते तीन वेळा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “पांढरी कावीळ आहे ना रक्तात. तिच्यानं होतो.”

पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी. मला ते त्या दिवशी कळलं. ह्यांना सतरा वर्षांपासून माहीत होतं. पण ते पुढं सांगते.

गाठ कापून काढता येणार नव्हती. यकृत आधीच निबर झालं होतं, प्लीहा वाढली होती, प्लेटलेट ८८ हजारांवर आल्या होत्या. कापलं तर उरलेलं यकृत भार पेलणार नाही म्हणाले. मग ‘टेस’ करायचं ठरलं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट गाठीच्या धमनीपर्यंत न्यायची, तिथं केमोथेरपीचं औषध तेलकट द्रवात मिसळून सोडायचं आणि मग ती वाट बुजवून टाकायची. गाठीला औषधही मिळतं आणि तिची उपासमारही होते. १५ सप्टेंबरला झालं. हे जागेच होते. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. तीन दिवस ताप आला, ओकाऱ्या झाल्या, पोट दुखलं. हे सगळं होणार असं आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळं मी घाबरले नाही. बिल सव्वा लाखाच्या वर गेलं. ओकाऱ्यांसाठी जी इंजेक्शनं दिली त्यात एक स्टिरॉइडचं होतं. बिलाच्या कागदावर त्याचं नाव होतं. मी ते नाव विसरले नाही.

चार आठवडे बरे गेले. हे वर्कशॉपमध्ये जाऊन दोन-तीन तास बसायला लागले. मग दिवाळी आली. पाडव्याला संध्याकाळी मी ह्यांना ओवाळत होते. निरांजन वर नेलं, त्याचा उजेड ह्यांच्या डोळ्यांवर पडला, आणि डोळे पिवळे दिसले. मला वाटलं, दिव्याचाच रंग असेल. ताट खाली ठेवून ट्यूबलाइट लावली. पिवळेच होते.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, ५.९ आणि यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढते ती एसजीपीटी ११४०. साधारण चाळीसच्या आत असायला हवी ती एसजीपीटी. जिथं टेस केलं होतं तिथं फोन केला. “टेस झाल्यावर थोडं वाढतं, आठवड्यानं दाखवा,” असं उत्तर आलं. सहा आठवड्यांनी कसं वाढतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. आज सुचतं.

इकडं घरात गर्दी झाली. कावीळ म्हटलं की आपल्याकडं प्रत्येकाला एक उपाय माहीत असतो. कुणी उसाचा रस म्हणालं, कुणी नाकात घालायचं औषध. गडहिंग्लजच्या आमच्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, एका माणसाचा पत्ताच घेऊन आल्या, तो सकाळी उपाशीपोटी मुळी देतो म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. साधी कावीळ आपोआप उतरते आणि मुळीला यश मिळतं, म्हणून त्या माणसाकडं रांग लागते. रिक्षा सांगून झाली होती. पण माझ्याकडं ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका लॅबमधल्या ताईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, “वहिनी, मुळी नको. आज संध्याकाळीच लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा.”

त्या डॉक्टर मॅडमनी फाईल घेतली. स्टिकर बघितला, मग पानं उलटायला लागल्या. शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून आल्या.

“डीएनए कुठाय?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“विषाणू रक्तात किती आहे त्याचा रिपोर्ट. टेसच्या आधी केला असेल ना?”

नव्हता.

“बी च्या विषाणूची गोळी कोणती चालू आहे?”

मी पिशवीतल्या गोळ्या टेबलावर मांडल्या. पित्ताची होती, तापाची होती, ताकदीची होती. त्यांनी एकेक पाकीट उलटून बघितलं आणि काही न बोलता चिठ्ठीवर लिहायला लागल्या. त्याच रात्री ह्यांना ॲडमिट केलं, डीएनएसाठी रक्त पाठवलं, आणि रिपोर्टची वाट न बघता एन्टेकॅव्हिर ही विषाणू दाबणारी गोळी सुरू केली. तीन दिवसांनी आकडा आला. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ३ कोटी ४० लाख युनिट.

मॅडमनी मला खुर्चीत बसवून समजावलं. मला जसं कळलं तसं लिहिते. हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात गप्प बसू शकतो. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा देत असते. केमोचं औषध आणि स्टिरॉइड ह्यांनी तो पहारा ढिला पडतो. शिवाय स्टिरॉइडनं ह्या विषाणूला वाढायला थेट जोरही मिळतो. तो भराभर वाढतो, आणि तेव्हा माणसाला काहीच कळत नाही. पुढं औषधाचा असर ओसरला की प्रतिकारशक्ती जागी होते, सगळीकडं विषाणू भरलेला बघते आणि यकृताच्या त्या पेशींवर तुटून पडते. यकृत जळतं ते ह्या दुसऱ्या टप्प्यात. म्हणून कावीळ टेसनंतर लगेच न दिसता सहा आठवड्यांनी दिसली. टेसच नव्हे, यकृताचा तुकडा काढणं, रेडिएशन, इम्युनोथेरपी, कॅन्सरच्या अशा कुठल्याही उपचारानंतर हे होऊ शकतं. म्हणून उपचाराच्या आधीच गोळी सुरू करायची असते.

“म्हणजे आधी गोळी दिली असती तर?” मी विचारलं.

“बहुतेक हे झालं नसतं,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते गोल गोल फिरवून सांगितलं नाही, ह्याचं मला बरंच वाटलं.

त्या रात्री ह्यांनी मला पत्राचं सांगितलं. २००५ च्या गणपतीत तालमीनं रक्तदान शिबिर घेतलं होतं. त्यानंतर महिन्याभरात ब्लड बँकेचं पत्र आलं, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आढळलाय, डॉक्टरांना दाखवा, पुढं रक्तदान करू नका. ह्यांनी ते पत्र वर्कशॉपमधल्या हत्यारांच्या पेटीत तळाला ठेवलं आणि कुणालाच सांगितलं नाही. “लोक म्हटले असते, कुठं शेण खाल्लं म्हणून हे रोग लागलं. तू काय म्हटली असतीस?” मी काय म्हटलं असतं ते मला आजही माहीत नाही. पण त्या वेळी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली असती तर गाठ बहुतेक लहान असतानाच सापडली असती, एवढं आता माहीत आहे. मुलाला पाठवून ते पत्र मागवलं. घडीवर पिवळं पडलेलं, वाळूची कच लागलेलं. मॅडमनी ते फाईलमध्ये लावून घेतलं.

आम्ही एकोणीस दिवस दवाखान्यात होतो. गोळी सुरू झाली म्हणजे यकृत लगेच सुधारतं असं नाही. विषाणू खाली यायला लागतो, पण जेवढं जळायचं तेवढं जळतच राहतं. बिलिरुबिन ५.९ चं ८ झालं, मग १०.४, मग १२.२. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर २.१ वर गेला. पोटात पाणी झालं. मीठ बंद. रोज सकाळी मॅडम ह्यांना हात पुढं करून पंजे वर उचलून धरायला सांगायच्या. पंजे फडफडले तर यकृतानं साफ न केलेली घाण मेंदूपर्यंत गेली असं समजायचं. त्यासाठी एक गोड पातळ औषध होतं, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, आणि किती वेळा झालं ते मी वहीत लिहायचे. अकराव्या दिवशी संध्याकाळी हे खिडकीकडं बघत म्हणाले, “आई जेवली का?”

आत्याबाई, म्हणजे ह्यांच्या आई, १९९१ मध्ये गेल्या. मी त्यांना कधी बघितलंही नाही, आमचं लग्न नंतरचं. मी धावत जाऊन सिस्टरला बोलावलं. पंजे फडफडत होते. औषध वाढवलं, रात्रभर मी आणि मुलगा आळीपाळीनं नाव, वार, गावाचं नाव विचारत बसलो. पहाटे ह्यांनी मुलाला त्याच्या कॉलेजच्या फीचं विचारलं, तेव्हा आम्ही दोघं रडलो.

तेराव्या दिवशी बिलिरुबिन ११.८ आलं. मॅडमनी कागदावर त्या आकड्याभोवती गोल काढला. “आता उतरतंय.” पॉईंट चारचा फरक होता फक्त. मी तो कागद ठेवलाय.

आत्याबाईंचं नाव त्या रात्री निघालं म्हणून मॅडमनी विचारलं, त्या कशानं गेल्या? गावात सगळे जलोदर म्हणायचे. पोट पाण्यानं फुगलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बाळंतपणात आईकडून बाळाला हा विषाणू जातो आणि तान्ह्या वयात लागला तर दहातल्या नऊ जणांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागला तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर त्याला हाकलून लावतं. म्हणजे ह्यांनी कुठंही शेण खाल्लं नव्हतं. जन्मल्या दिवशीच हे त्यांच्या वाट्याला आलं असणार, आणि सतरा वर्षं लाज बाळगली ती कशाची?

मग आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. मला ही कावीळ कधीतरी होऊन नकळत बरी झालेली निघाली, अंगात तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. मुलगा निगेटिव्ह. त्याच्या जन्माच्या वेळी सरकारी लसीकरणात ही लस नव्हती, म्हणून त्याला तिन्ही डोस दिले, पहिला, एका महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आता बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिला डोस देतात. वन्सं पॉझिटिव्ह निघाल्या. मुळीचा पत्ता घेऊन आलेल्या वन्सं. त्यांचा डीएनएचा आकडा मोठा होता, एसजीपीटी वाढलेली होती, सोनोग्राफीत गाठ नव्हती. त्यांनाही गोळी सुरू झाली. ती त्यांना सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. २०१८ च्या २८ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, हे आम्हाला चार वर्षं उशिरा कळलं.

डिस्चार्जनंतर मी एकदा त्या पहिल्या दवाखान्यात गेले. भांडायला नाही, विचारायला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फाईल बघून सांगितलं, “आमचं काम गाठीपुरतं. विषाणूचं तुमच्या फिजिशियननी बघायचं असतं.” आमचे फिजिशियन म्हणाले, कॅन्सरची केस आहे म्हटल्यावर तिकडंच सगळं बघत असतील असं मी धरून चाललो. मला दोघांतलं कुणी खोटं बोलतंय असं वाटलं नाही. पण चार हजारांची एक तपासणी आणि रोजची एक गोळी ह्या दोन टेबलांच्या मध्ये पडली, आणि तिथून माझा माणूस जवळजवळ गेला. स्टिकर कर्मचाऱ्यांना जपण्यासाठी लावतात, ते बरोबरच आहे. त्याच स्टिकरनं पेशंटलाही जपायला हवं होतं. आज माझ्या ओळखीत कुणालाही कुठल्याही कॅन्सरची केमो सुरू व्हायची असेल तर मी आधी विचारते, हिपॅटायटिस बी तपासला का? नुसता एचबीएसएजी नाही, अँटी-एचबीसी पण, म्हणजे हा विषाणू पूर्वी कधी येऊन गेला असेल तर त्याची रक्तात राहणारी खूण. कधीतरी होऊन गेलेली, एचबीएसएजी निगेटिव्ह दिसणारी कावीळसुद्धा काही औषधांनी उठून बसते. आमच्या शेजारच्या कॉटवर लिम्फोमाचे, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचे, एक आजोबा होते, त्यांचं तसंच झालं होतं. लोकांना मी आगाऊ वाटत असेन. वाटू दे.

कावीळ असेपर्यंत गाठीवर काहीच करता येत नव्हतं. ते चार महिने सगळ्यात वाईट. एकीकडं यकृत सावरायची वाट बघायची आणि दुसरीकडं गाठ वाढत असेल ह्या विचारानं रात्र काढायची. फेब्रुवारीत स्कॅन झाला. टेसनं गाठीचा बराच भाग मारला होता, कडेला दीड सेंटिमीटर जिवंत होता. मे २०२३ मध्ये बिलिरुबिन १.३ आणि डीएनए ‘सापडला नाही’ असा आल्यावर सुई घालून तेवढा भाग जाळला. २०२४ मध्ये दुसऱ्या बाजूला नवा ठिपका निघाला, १.३ सेंटिमीटरचा. तोही जाळला. त्या वेळी मी रोज डोळे बघत होते. एसजीपीटी चाळीसच्या वर गेली नाही, कारण गोळी चालू होती. यकृत निबर असेपर्यंत नवी गाठ उगवण्याची भीती राहणारच, विषाणू दाबून ठेवला तर ती कमी होते. म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन, दर सहा महिन्यांनी डीएनए.

डीएनए पहिल्यांदा ‘सापडला नाही’ आला तेव्हा मीच मॅडमना विचारलं होतं, आता गोळी बंद करायची का? त्या काही बोलायच्या आधी हेच म्हणाले, “अगं, पॅटर्न फळीवरच हाय. नुसतं ओतकाम थांबलंय. भट्टी पेटली की पुन्हा तसलाच माल पडणार.” मॅडम क्षणभर ह्यांच्याकडं बघत राहिल्या. विषाणू पेशीच्या गाभ्यात आपला एक मूळ नमुना ठेवून देतो, गोळीनं त्याच्यावरून प्रती निघणं थांबतं, नमुना तसाच राहतो. डॉक्टर हेच सांगतात. ती गोळी मनानं बंद केली तर पुन्हा पाडव्याचा तोच दिवस.

ही गोळी रिकाम्या पोटी लागते, खाण्याआधी आणि खाण्यानंतर दोन-दोन तास सोडून. आधी आम्ही रात्री घ्यायचो. पण यकृत निबर झालेल्या माणसानं रात्री उपाशी झोपू नये, झोपायच्या आधी काहीतरी खावं, असं आहारवाल्या ताईंनी सांगितलं. मी अर्धी भाकरी आणि दूध देते. मग गोळी पहाटे पाचवर गेली. हे लहानपणी तालमीत जायला पाचलाच उठायचे, त्यामुळं त्यांना जड गेलं नाही. चहा सातला.

वन्संचीही वेळ तीच आहे. त्या म्हशीची धार काढायला उठतात. पाचला पाच-दहा मिनिटं कमी असताना फोन वाजतो, मागनं चरवीत धार पडल्याचा आवाज येत असतो.

“उठलास का रं?”

“उठलोय आक्का.”

“घे मग. मी पण घेतो.”

दोघं पाणी पिताना फोन चालूच असतो.